किनवटच्या डोंगरातले बाजार: बघे म्हणून नको, गिऱ्हाईक होऊन या

दिवाळी झाली की नांदेड-लातूरकडून, हल्ली पुण्याहूनसुद्धा, ओळखीपाळखीतून फोन येतात. "काकू, तुमच्याकडचा आदिवासी बाजार बघायचाय, कधी येऊ?" माझा धंदा बांगड्यांचा आणि कटलरीचा. सासूबाई डोक्यावर हारा, म्हणजे मोठी टोपली, घेऊन बाजार करायच्या, आम्ही टेम्पोनं करतो. दर वेळी तेच ते सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी हे डोक्यातून काढा की 'आदिवासी बाजार' म्हणून काही वेगळा मांडलेला असतो. असतो तो साधा आठवडी बाजार. पालं ठोकलेली, ताडपत्र्या अंथरलेल्या, कांद्याचे ढीग, वाळक्या मासळीचा वास, बाजारपावती फाडत फिरणारा पंचायतीचा माणूस. त्यात मिरची विकणारा, कापड विकणारा आमच्यासारखा, आणि घेणारी माणसं बरीचशी डोंगरातली: गोंड, कोलाम, आंध, परधान, शिवाय तांड्यावरचे बंजारा. ती हप्त्याचं तेल-मीठ न्यायला आलेली असतात, तुम्हाला दिसायला नाही. एवढं मनाशी धरलं की पुढचं सगळं सोपं जातं.

भाग नांदेड जिल्ह्याचाच, पण नांदेडसारखा वाटत नाही. भोकर सोडलं की सपाट काळी रानं संपत जातात, हिमायतनगरच्या पुढं सागाचे डोंगर लागतात. एका अंगाला पैनगंगा, तिच्या पलीकडं यवतमाळ. दुसऱ्या अंगाला तेलंगणाचा आदिलाबाद. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं, राज्यं नव्यानं आखली तेव्हा नांदेडला आलं. म्हणून बाजारात कानावर मराठी पडते तशी गोंडी, कोलामी, तेलुगू, तांड्याची गोरमाटी आणि जुनी दखनी पडते. माझं स्वतःचं गोंडी भावापुरतंच. बांगड्यांचे रंग आणि आकडे येतात, बाकी हातवारे. राम राम सगळीकडं चालतो. गोंड माणसाला 'जय सेवा' म्हणलात तर तो नीट वळून बघेल.

यायचं कसं

मुंबईहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत येणारी नंदीग्राम एक्स्प्रेस किनवटला थांबते. बाहेरून येणाऱ्याला ही सगळ्यात सोयीची. नांदेडहून एसटीही आहे, पण खड्ड्यांवर कंबर सांभाळत जायचं तर रेल्वे बरी. किनवटला किंवा माहूरला मुक्काम करा. माहूर देवस्थानाचं गाव असल्यानं तिथं भक्तनिवास, लॉज मिळतात. बाजाराच्या छोट्या गावांत राहण्याची सोय धरून चालू नका. किनवट ते माहूर रस्ता साधारण पन्नास किलोमीटरचा, वाटेत सारखणी लागतं.

बाजाराचा वार गावागणिक वेगळा, आणि तो वेगळा असण्यातच आमचं पोट आहे. आज एका गावी, उद्या दुसऱ्या, अशी व्यापाऱ्यांची फेरी ठरलेली असते. म्हणून वारांची यादी घेऊन बसण्यापेक्षा किनवटला उतरल्यावर स्टँडवरच्या चहावाल्याला किंवा पहाटे टेम्पो भरणाऱ्या माणसाला विचारा, "उद्या कुठला बाजार?" किनवट आणि माहूरचे बाजार मोठे, पण त्यात शहर जास्त. बोधडी, इस्लापूर, मांडवी, वाई बाजार ही मधली गावं. माझं मत विचाराल तर मोठा बाजार एक आणि मधल्या गावाचा एक असे दोन करा. पोरांना मोठा आवडतो, मला मधला.

वेळ चुकवू नका. सकाळी नऊला येऊन "इथं तर काहीच नाही" म्हणून परत जाणारे मी बरेच बघितलेत. नऊला आम्ही खुंट्या ठोकत असतो. डोंगरातली माणसं पोडावरून, गुड्यावरून, म्हणजे आपापल्या वस्त्यांवरून, चालत किंवा काळीपिवळीनं येतात. त्याआधी घरचं, गुरांचं आवरलेलं असतं. बाजार भरतो बारानंतर, दोन-अडीचला पाय ठेवायला जागा नसते, आणि उन्हं कलायच्या आत लांबची माणसं परतीला लागतात. म्हणजे अकराला पोचा, चहा-भजे खा, एक चक्कर मारा, आणि मग एका जागी बसा.

कोण कोण असतं

कॅमेरेवाले पाहुणे पहिल्यांदा कुणाकडं धावतात? बंजारा बाईकडं. आरशांचा फेटिया (घागरा), कांचळी (चोळी), केसांत घुगरी, दंडावर पांढरे बलिया (बांगड्या). फोटो छान येतो, आणि खाली लिहितात 'आदिवासी महिला'. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत मोडतात. तेलंगणात त्याच लमाणांना अनुसूचित जमातीत धरतात, तो भाग निराळा. असा पेहराव आता तांड्यावरच्या म्हाताऱ्याच करतात, त्यांच्या सुना बाजारात साडीतच येतात.

गोंड बाई मात्र तुमच्या शेजारून जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. साधी साडी, गळ्यात काळी पोत, हातावर आणि पायाच्या नळीवर गोंदण. गोंदण म्हाताऱ्यांच्या अंगावर दाट, पोरींच्या हातावर नावापुरतं. परधान हे गोंडांच्या देवांची गाणी आणि कुळांच्या कथा सांभाळणारे, किंगरी हे तंतुवाद्य वाजवणारे. आंध मराठीच बोलतात. कोलाम सगळ्यात बुजरे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार अतिअसुरक्षित म्हणतं त्यांतली एक ही (बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड). त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. बाजाराच्या अगदी कडेला, गर्दीत न शिरता, बांबूचं सामान मांडून बसलेलं जोडपं दिसलं तर बहुधा कोलाम.

दोन अनोळखी गोंड बायका माझ्या ताडपत्रीवर शेजारी टेकल्या की थोड्या वेळात एकमेकींना देव विचारतात, म्हणजे कूळ किती देवांचं ते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. आडनाव मेश्राम म्हणलं की सात देवे. देवाचा आकडा एकच निघाला की त्या भाऊबंद, त्यांच्या घरांत सोयरीक होत नाही. वेगळा निघाला की लगेच चौकशी सुरू: पोरगं काय करतं, शेत किती? कितीतरी लग्नांची पहिली बोलणी माझ्या बांगड्यांच्या पेट्यांवर झालीत. हे तुम्ही विचारायला जाऊ नका, पण शेजारी बसलात तर ऐकू येईल.

बसायचं कसं, घ्यायचं काय

मी नेहमी सांगते, पहिल्यांदा काहीतरी विकत घ्या. पावशेर गोडीशेव घ्या, फणी घ्या, विळा घ्या. हातात बाजाराची पिशवी आली की माणूस गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाशी सगळे बोलतात.

बायकांनी बांगड्या भराव्यात. गल्ल्यापायी बोलत नाहीये. बांगडी भरायला बसलं की निदान दहा मिनिटं हलता येत नाही आणि भोवतीच्या बायका आपोआप बोलायला लागतात. काच फिरोजाबादहूनच येते, पुण्यातही तीच. फरक हातांत असतो. मापं आमची सव्वादोन, दोन-सहा, अडीच. शहरातल्या बाईला अडीचची बांगडी सहज जाते तिथं कापूस वेचणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या बाईचा हात दिसायला बारीक असूनही बांगडी अंगठ्याच्या बुडाशी अडते. तिथलं हाड पक्कं झालेलं असतं. मग मी तिची चारी बोटं एकत्र धरते, अंगठा तळहातात मुडपते, बुडाशी दाबत दाबत बांगडी गोल फिरवते. तिनं हात सैल सोडला पाहिजे. ती घाबरून ताठ झाली की काच फुटते आणि फुटलेली माझ्या नावावर. म्हणून मी त्याच वेळी काहीतरी विचारते, "कापूस किती झाला गं माय?" ती उत्तर द्यायला लागते, हात सैल पडतो, बांगडी गेली. हिरव्याला मागणी जास्त, पण गोंड पोरींना आता चमकी लावलेल्या लागतात. म्हाताऱ्या अजून साध्या काचेवरच.

बांबूचं काम घ्याच. सूप, टोपली, कोंबड्या झाकायचं डालं. सुपाची पारख अशी: उलटं करून कडेवर बोट फिरवा, वेताची किंवा सालीची गुंडाळी एकसारखी लागली पाहिजे; उजेडाकडं धरून बघा, फटी दिसायला नकोत. नव्या बांबूचा ओला हिरवा वास येत असेल तर घरी नेऊन सावलीत वाळवा, उन्हात टाकलं की वाकडं होतं. आणि इथं घासाघीस करू नका. माझ्याकडं करा, मी भाव सांगतानाच ते धरलेलं असतं. कोलाम बाई सांगते तो भाव बहुतेक शेवटचाच असतो. दोन दिवसांच्या कामातून वीस रुपये काढून तुम्हाला काय मिळणार?

रानातला माल ऋतूप्रमाणं. पावसाळ्यात करटुली, तरोटा, बांबूचे कोंब. दिवाळीच्या सुमाराला सीताफळं, डोंगरातली, बारीक पण गोड. उन्हाळ्याच्या तोंडाला डिंक, चारोळी, मोहाची फुलं. धान्य, फुलं असं मापानं मिळतं: पायली, अधोली, शेर. माप शिगेनं भरलंय की सपाट, ते बघून घ्या, भाव त्यावर असतो.

मोहाची फुलं पहाटे गळतात. मार्च-एप्रिलात बाया-पोरं अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, ऊन चढायच्या आत वेचून मोकळी. ओली फुलं पिवळट आणि मांसल, वाळली की तांबूस. भाकरीत घालतात, उकडून खातात, बैलाला चारतात. दारूही गाळतात, ते लपवण्यात काही हशील नाही. पाहुण्यांतले पुरुष हटकून बाजूला घेऊन विचारतात, "काकू, ती मिळेल का?" हातभट्टीची दारू घेणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि कुणी काय मिसळलंय ते कळत नाही. डोंगरात घराच्या देवाला मोहाची धार सोडतात, ती त्यांची गोष्ट. तुम्ही चहा प्या.

पैसे सुटे आणा. दहा-वीसच्या नोटा, नाणी. मोबाईलवरून पैसे घेणारे आता आम्हीही आहोत, पण दोन वाजता सगळा बाजार एकाच टॉवरवर असतो, तेव्हा चाक नुसतं फिरत राहतं. सूप विकणाऱ्या आजीला पाचशेची नोट दाखवू नका. ती मोडायला माझ्याकडं येते आणि माझेही सुटे संपतात.

फोटो विचारून. मान हलली तर काढा, तोंड फिरवलं तर फोन खिशात घाला. काढलेला लगेच दाखवा, मग सगळं बाकडं गोळा होईल. पोरांना चॉकलेट-पैसे वाटू नका. वाटणारे निघून जातात आणि पुढच्या हप्त्याला पोरं आमच्या गिऱ्हाइकांच्या मागं लागतात.

कधी यावं

पोळ्याच्या आधीचा बाजार बैलांच्या साजासाठी बघण्यासारखा: घुंगरमाळा, झुली, गोंडे, रंग. पाऊस मात्र असतो, ओढ्याला पाणी आलं की त्या दिवशीची वाट बंद. कापूस-सोयाबीन घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, लोकांच्या हातात पैसा असतो आणि बाजार फुलतो. पहिल्यांदा येणाऱ्यानं याच दिवसांत यावं. मे महिना टाळा. ऊन जीव काढतं आणि तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. ७० पानांचा एक पुडा बांधायचा, पुड्यांच्या शेकड्यावर पैसे. घरातली सगळी माणसं पहाटेपासून रानात, बाजारात शुकशुकाट.

दिवाळीत गोंड गुड्यांवर दंडार, म्हणजे नाच, असतो. त्यात नाचणारा घुसाडी म्हणजे अंगाला राख, डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, खांद्यावर कातडं, हातात सोटा. एका गावचे दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात, ढोल वाजवत. हे पाहायचं तर त्या गावातल्या कुणाच्या तरी ओळखीनं जा आणि जेवायला बसवलं तर नाही म्हणू नका. घुसाडीच्या टोपाला हात लावायचा नाही, तो देवाचा आहे. तसंच रानात झाडाखाली दगड, लाकडी खुंट, लाल-पांढरी निशाणं दिसली तर चपला लांब काढा. ते कुणाचं तरी देवस्थान असतं, कोलामांचा भीमायक किंवा गोंडांचा पेन, म्हणजे देव.

बाजार नसेल त्या दिवशी

माहूर तर बघालच. साडेतीन पीठांतलं एक, रेणुकामातेचं. खलबत्त्यात कुटलेला विड्याचा तांबूल हा इथला प्रसाद, तो पायऱ्यांवरच घ्या, गावात नेईपर्यंत पाणी सुटतं. नवरात्रात गर्दी इतकी की देवी नाही, पाठी दिसतात. दत्तशिखर, अनुसया, जवळची पांडवलेणी, शेख फरीदचा दर्गा आणि तिथला धबधबा हे सगळं दीड दिवसात होतं. रामगड किल्ल्यावर बहुतेक जण जात नाहीत, मला तोच आवडतो. हत्ती दरवाजातून आत गेलं की खाली सागाचं रान दिसतं. याच माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई, जिला रायबागन म्हणतात, मोगलांकडून लढायची. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर ती होती आणि शिवाजी महाराजांनी त्यांची वाट अडवली.

सहस्रकुंड धबधबा इस्लापूरजवळ, पैनगंगेवर. त्या नावाचं स्टेशनही आहे. काळ्या खडकातून नदी कोसळते. ऑगस्ट ते ऑक्टोबर बघावा, उन्हाळ्यात नुसती दगडं. वर इसापूरचं धरण आहे. दारं उघडली की पाणी अचानक चढतं, तेव्हा खडकावर उतरून फोटो काढायची हौस घरी ठेवा. उनकेश्वरला गंधकाचे गरम झरे आहेत, शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून काढले अशी कथा सांगतात. कातडीच्या आजारावर लोक अंघोळीला येतात. मला तिथल्या पाण्यापेक्षा नदीकाठ बरा वाटतो.

पौष अमावस्येला जवळ असाल तर आदिलाबादला जा, तिथून इंद्रवेल्लीकडं केस्लापूर. नागोबाची जत्रा. मेश्राम कुळाची माणसं गोदावरीचं पाणी पायी आणतात, त्याच्याशिवाय पूजा सुरू होत नाही. किनवट-माहूरचे मेश्रामही तिकडं असतात, त्यामुळं त्या हप्त्यात आमचे इकडचे बाजार ओस पडतात आणि आम्हीही पेट्या उचलून तिकडंच जातो. इंद्रवेल्लीला रस्त्यालगत २० एप्रिल १९८१ च्या गोळीबारात गेलेल्या गोंडांचा स्तंभ आहे. तिथं दोन मिनिटं थांबा, फटाफट सेल्फी नको.

परतीची एसटी बाजारात पोचल्या पोचल्या विचारून ठेवा. शेवटच्या गाडीला कोंबड्या, पोती, माठ, सगळं असतं, जागा मिळत नाही; त्याच्या आधीची धरा. पाण्याची बाटली, टोपी, सुती कापड, बंद चप्पल. आणि घरी लेकीसाठी, सुनेसाठी बांगड्या न्यायच्या असतील तर अंदाजानं हात दाखवून "एवढा असेल बघा" म्हणू नका. तिच्या हातातली एक जुनी बांगडी कागदात गुंडाळून आणा, मी माप बरोबर काढून देते.